उन्हाचा मंडप

हल्ली शहरांच्या बागांत सौरपत्र्यांचं छप्पर असलेले मंडप दिसू लागले आहेत. दुपारी खाली सावली मिळते, वर तयार झालेली वीज बॅटरीत साठते आणि दिवेलागणीला त्याच मंडपात उजेड पडतो. आमच्या परळच्या बागेत असा मंडप व्हावा, असं मला फार वाटतं.

लोक म्हणतात, नवी कल्पना आहे. तितकीशी नाही. उन्हावर इंजिन चालवण्याचा प्रयोग मुंबईत झाला, त्याला दीडशे वर्षं होत आली. विल्यम अ‍ॅडम्स नावाचा इंग्रज अधिकारी कुलाब्यात राहत असे. कोळसा महाग, ऊन फुकट, हा त्याचा हिशेब. अर्धवर्तुळाकार सांगाड्यावर सपाट आरसे बसवून त्याने सगळा झोत एका बॉयलरवर पाडला आणि अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन चालवलं. सूर्य सरकला की सांगाडा ढकलायला एक गडी पुरे. पंधरवडाभर त्या इंजिनाने आवारातला पंप चालवला. १८७८ साली त्याने यावर पुस्तकही लिहिलं. पुढे ६ ऑगस्ट १८८२ रोजी पॅरिसच्या त्विलेरी बागेत आबेल पिफ्र यांनी उन्हाच्या वाफेवर चक्क छापखाना चालवला. आभाळ धड स्वच्छ नव्हतं, तरी तासाला सुमारे ५०० प्रती निघाल्या!

परळपर्यंत हे पोचलं नाही. इथले बॉयलर कोळशावरच पेटत राहिले. ऊन मात्र गिरण्यांनी वापरलं, वेगळ्या तऱ्हेने. साचाखात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असे, काचा उत्तरेकडे. थेट ऊन आत येऊ नये, पण तुटलेला धागा दिसावा, अशी ती रचना. कामाचा दिवस सूर्याएवढा. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा भरवली. मागण्या काय? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. घड्याळ मालकाचं होतं. सूर्य कुणाला मागेपुढे करता येत नव्हता. पुढे विजेचे दिवे आले आणि अंधार पडला तरी साचे थांबेनात. १९०५च्या सुमारास काही गिरण्यांत चौदा-चौदा तास काम चाले. पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली ती १९११च्या कायद्याने.

म्हणून हा मंडप मला हवा. अंधार पडल्यावरही माणसाला नुसतं बसता येईल, असा दिवा परळला फार उशिरा मिळतो आहे.

पण मंडपाला बाग हवी आणि बागेला जमीन. १९९१च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक मोठा वाटा मोकळ्या जागेसाठी ठेवला होता. २००१च्या दुरुस्तीने हा वाटा फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेवर मोजायचं ठरलं. गिरणी पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम केली. बागा आक्रसल्या, टॉवर चढले. सौरपत्र्याच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज बरीच घटते, हे कुणीही वायरमन सांगेल.

माझे आजोबा असरच्या नमाजाची वेळ चाळीच्या अंगणात काठी उभी करून पाहत. काठीएवढी सावली लांबली की वेळ झाली. आज त्या अंगणात दुपारी तीनलाच टॉवरची सावली येते.