सही कुणाची, तपासणी कुणाची?

१८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लावायचा प्रयोग झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये तारयंत्र अभियंते आणि इलेक्ट्रिशियन यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे आगी लागू नयेत म्हणून एक छोटं नियमपत्रक काढलं. ब्रिटनमध्ये आज वायरिंगचं जे जाडजूड नियमपुस्तक वापरतात, त्याची ही पहिली आवृत्ती.

त्या पत्रकात दोन शहाण्या गोष्टी होत्या. एक, धोका मुख्यतः काम करणाऱ्यांच्या अज्ञानातून आणि अननुभवातून येतो. दोन, विजेतले दोष आत दडलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, चाचणी घेऊनच पकडावे लागतात. पहिल्यावर उपाय म्हणजे शिकलेली, परवाना असलेली माणसं. दुसऱ्यावर उपाय म्हणजे प्रत्येक कामाची मोजणी. आपल्या नियमांनी पहिली गोष्ट घट्ट धरली, दुसरी मात्र सैल सोडली, असं मला वाटतं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यात लायसन्स नाही. कुणीही कोड लिहू शकतो. पण तो दुसऱ्या कुणीतरी पाहिल्याशिवाय आणि टेस्ट पास झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, एवढी शिस्त असते. त्याच नजरेने मी विजेचे नियम वाचले.

१९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम सांगायचा की वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदारानेच करावं, तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला सूट. म्हणजे प्रमाणपत्र देखरेख करणाऱ्याकडे; भिंतीतून वायर ओढणाऱ्या पोऱ्याकडे ते असेलच असं नाही. पण पुढे ४७ वा नियम होता: नवी जोडणी देण्याआधी वीजपुरवठादाराने ग्राहकाचं वायरिंग स्वतः पाहावं आणि तपासावं.

२०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नवे सुरक्षा नियम आले. त्यांत इथे एक ‘किंवा’ आला. पुरवठादाराने स्वतः तपासावं, किंवा परवानाधारक कंत्राटदाराच्या सहीचा चाचणी अहवाल स्वीकारावा. ज्याने काम केलं, त्याच्याच सहीवर ते पास. लाखो जोडण्या तपासायला माणसं आणायची कुठून, ही अडचण खरी आहे. पण दुसरी नजर गेली ती गेलीच.

आमच्या गावच्या घराला जोडणी घेतली तेव्हा टेस्ट रिपोर्ट व्यवस्थित भरून हातात आला. मेगर घेऊन घरात कुणी पाऊलही टाकलं नव्हतं.

यात बिघडलं काय? दिवा तर लागतो! अडचण तिथेच आहे. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवला तरी दिवा लागतो आणि विझतोही; फक्त स्विच बंद असताना होल्डरमध्ये करंट राहतो. तीन पिनांच्या सॉकेटमधली अर्थिंगची वायर कुठेच जोडलेली नसली तरी फ्रिज थंड होतो. ज्या दिवशी फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरतो, त्या दिवशी कळतं. मेगरने ५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन मोजलं, स्विचची पोलॅरिटी तपासली, अर्थिंगची सलगता मोजली, की असे दोष आधीच सापडतात. कितीही हुशार वायरमन असो, नुसतं बघून ते कळत नाहीत.

इंग्लंड-वेल्समध्ये घरगुती वायरिंग २००५ पासून इमारत-नियमांखाली आलं. तिथेही नोंदणीकृत कंत्राटदार आपलं काम आपणच प्रमाणित करतो. मात्र नोंदणी करणारी संस्था ठरावीक काळाने त्याच्या कामांचे काही नमुने तपासते. सगळी घरं तपासायची गरज नसते. आपलं घर तपासलं जाऊ शकतं, एवढी धास्ती पुरते.

परवाना हवाच. तो नसता तर आणखी वाईट झालं असतं. पण परवाना माणसाबद्दल सांगतो, तेही परीक्षा दिली त्या दिवसापुरतं. तुमच्या भिंतीतल्या वायरबद्दल फक्त मोजलेला आकडा सांगतो. टेस्ट रिपोर्ट हातात आला की सहीच्या आधी आकडे वाचा: इन्सुलेशन किती, अर्थिंग किती, तारीख कोणती. त्या तारखेला तुमच्या घरी कोण आलं होतं, तेही आठवून पाहा.