न्हाणीघरांतील सांधा

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या खालच्या मजल्यावरील गृहस्थ एके सकाळीं वर आले, आणि आपलें छत पाहावयास त्यांनीं मोठ्या सौजन्यानें आम्हांस बोलाविलें. छतावर ओलीचा एक विस्तीर्ण नकाशा उमटला होता. आमच्या न्हाणीघरांत पूर्वीच्या मालकानें हौसेनें बसविलेला टब आहे. तो भिंतीस जेथें मिळतो त्या सांध्यांतून पाणी झिरपत होतें. आम्हीं दुरुस्तीचें काम एका कंत्राटदारास उक्तें दिलें. त्याचा माणूस आला, जुन्या काळवंडलेल्या लुकणावरच नवें शुभ्र लुकण ओढून अर्ध्या तासांत गेला, आणि दोन महिन्यांनीं नकाशांत आणखी एका बेटाची भर पडली.

दोष त्या माणसाचा खरा, पण आमचाही. काम चाललें असतां आम्ही बाहेर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों, कारण काय पाहावयाचें हेंच आम्हांस ठाऊक नव्हतें. भिंत वाकडी झाली तर डोळ्यांस दिसते. परंतु पाणी अडविणारा सांधा चांगला कीं वाईट हें तो झांकला गेल्यावर कळतें, आणि तोंवर पैसे चुकते झालेले असतात. म्हणूनच या कामाचा इतिहास जितका चुना-डांबराचा, तितकाच देखरेखीचा आहे.

मोहेंजोदडो येथील मोठें स्नानकुंड १९२५-२६ सालच्या उत्खननांत उघडें झालें. तें सुमारें १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व २.४ मीटर खोल आहे. विटा कडेवर उभ्या करून जिप्समच्या लेपांत इतक्या चिकटून बसविल्या आहेत कीं दरजा जेमतेम दिसाव्या. आणि एवढ्यावर विश्वास न ठेवतां मागें सुमारें अडीच सेंटिमीटर जाडीचा डांबराचा थर देऊन, त्यामागें पुन्हा विटांचें बांधकाम केलें आहे. त्या लोकांची लिपी अद्याप उलगडलेली नसल्यानें हें काम कोणीं कोणास सोंपविलें व कोणीं पसंत केलें हें मात्र ते विटाकाम सांगत नाहीं. ती हकीकत हवी असल्यास रोमकडे वळावें लागतें.

इ. स. ९७ मध्यें नर्व्हा बादशहानें रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचा मुख्याधिकारी म्हणून सेक्स्टस ज्यूलियस फ्रॉन्टायनस यास नेमिलें. पूर्वीं ब्रिटनचा सुभा सांभाळलेला हा वयस्क मुत्सद्दी. पण अधिकारावर येतांच त्यानें शहराच्या नऊही जलमार्गांची माहिती स्वतः जमवून तिचें एक टिपण तयार केलें. हाताखालच्या माणसांच्या सल्ल्यानेंच सारा कारभार चालविणें त्यास लाजिरवाणें वाटे. तें टिपण आज उपलब्ध आहे, आणि कंत्राटदारास घरीं बोलाविण्यापूर्वीं वाचण्याजोगें याहून चांगलें पुस्तक मला तरी ठाऊक नाहीं.

पूर्वीं जलमार्गांची निगा मक्त्यानें दिली जात असे, असें तो लिहितो. मात्र मक्तेदारानें शहरांत किती व शहराबाहेर किती कारागीर गुलाम ठेवावयाचे हें ठरलेलें असे, त्यांचीं नांवें सरकारी पाट्यांवर नोंदवावीं लागत, आणि झालेलें काम तपासून पसंत करण्याचा अधिकार सेन्सर, ईडाईल अशा निराळ्या अधिकाऱ्यांकडे असे. पुढें सरकारी गुलामांचीं दोन पथकें झालीं, एक सुमारें २४० माणसांचें व दुसरें ४६० माणसांचें. गुलामांच्या श्रमावर उभी असलेली ही व्यवस्था कोणास अनुकरणीय वाटणार नाहीं. शिवाय तिनें गोष्टही सुधारली नाहीं. मुकादमांच्या मेहेरबानीनें अथवा दुर्लक्षानें हींच माणसें खाजगी कामांवर राबूं लागलीं. फ्रॉन्टायनसनें यावर उपाय केला तो अगदीं कारकुनी थाटाचा. उद्यां काय करावयाचें हें आदल्या दिवशीं सांगावयाचें, आणि रोज झालेलें काम रोज लिहून ठेवावयाचें!

बांधकामाचा हंगाम त्यानें १ एप्रिल ते १ नोव्हेंबर असा दिला असून त्यांतूनही कडक उन्हाचे दिवस वगळण्यास सांगितलें आहे; कारण चुना सावकाश मुरून एकजीव व्हावा लागतो, आणि प्रखर ऊन हिमाइतकीच त्याची नासाडी करतें. नियम अज्ञात आहेत म्हणून कामें बिघडतात असें तो मानीत नाहीं; ते पाळणारे थोडे, हें त्याचें दुखणें आहे.

रोमन गवंडी चुन्यांत कौलांचा व मडक्यांचा चुरा घालीत. आमच्या गवंड्यांची सुरखी ती हीच, आणि तिच्या योगानें चुना ओलींतही घट्ट होतो. अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजहून पुण्यास पाणी आणिलें, तेव्हां त्या भूमिगत नळास जागोजाग उच्छ्वास ठेविले होते. बांधून झाल्यावरही आंत काय चाललें आहे हें पाहण्याची वाट बुजविली नव्हती.

टबाच्या सांध्यास मात्र चुना किंवा सिमेंट कितीही उत्तम असलें तरी उपयोगी नाहीं. टब पाण्यानें भरला, त्यांत माणूस बसला, कीं तो केसभर खालीं दबतो. भिंत जागची हलत नाहीं, आणि मधला कठीण पदार्थ तडकतो. तेथें लवचिक वस्तु हवी. ती गरज सिलिकोननें भागविली. १९४३ सालीं अमेरिकेंत सिलिकोनच्या उत्पादनासाठीं स्वतंत्र कंपनी निघाली, आणि पुढें त्याचें लुकण घरोघर पोहोंचलें. परंतु वाळलेल्या सिलिकोनवर नवें सिलिकोन धड चिकटत नाहीं. जुनें सारें खरवडून, जागा पुसून, कोरडी ठणठणीत करून, टब पाण्यानें भरून दबलेल्या स्थितींत सांधा भरावयाचा, आणि तो पुरता आवळेपर्यंत टब तसाच भरलेला ठेवावयाचा. आमच्या पहिल्या कारागिरानें यांतील एकही गोष्ट केली नव्हती.

दुसऱ्या खेपेस मीं या पायऱ्या कागदावर लिहून कंत्राटदाराची सही घेतली, आणि स्टूल टाकून न्हाणीघराच्या दारांत बसलों. खरवडण्यासच तीन तास लागले. कारागीर प्रथम रागावला. मग जुन्या लुकणाखालीं दडलेली बुरशी त्यानेंच मला हौसेनें दाखविली. टब भरलेला असल्यानें ते दोन दिवस आमचीं स्नानें खालच्या मजल्यावर झालीं, आणि टॉवेल खांद्यावर टाकून मी व ते गृहस्थ रोज सकाळीं त्यांच्या छताकडे पाहात उभे राहात असूं.