इयत्तेआधीची शाळा

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडी मी पेठ तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत गेलो होतो. पहिली ते चौथी, दोन खोल्या. गुरुजींच्या टाचणवहीत इयत्तांऐवजी चार रकाने होते: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. चौथीतली एक मुलगी ‘शब्द’च्या रकान्यात होती. आईबापांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला जाऊन ती नुकतीच परतली होती. गुरुजी म्हणाले, “चौथीचं पुस्तक पुढे ठेवलं तर हिला मी रोज नापास करीन.”

ही मांडणी नव्या प्रशिक्षणांतून आली असावी, असा माझा समज. जुनं वाचत गेलो तेव्हा उलटंच दिसलं. नवी आहे ती इयत्ता. (या शब्दाचा संस्कृत अर्थच ‘एवढेपणा’, म्हणजे मर्यादा!)

पंतोजींच्या शाळेत वर्ग नव्हते. धुळपाटीवर अक्षरं, मग पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, पुढे मोडीचा कित्ता. ज्याचं जिथं अडलं तिथून त्यानं पुढे जायचं. पंतोजी एकटे, म्हणून पुढची मुलं मागच्यांकडून घोकून घेत. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने कर्नाटकातल्या इक्केरीला मुलांना जमिनीवर पसरलेल्या वाळूत बोटाने आकडे लिहीत, एका सुरात म्हणत, गुरुजींवाचून एकमेकांना शिकवताना पाहिलं. मद्रासच्या लष्करी अनाथालयात अँड्र्यू बेलने हीच वाळू आणि हीच रीत उचलली आणि १७९७ मध्ये लंडनला पुस्तक छापलं. लँकेस्टरच्या शाळांनी तिचा बोलबाला केला. पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने तीच रीत मुंबईत आणली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेले शिक्षक १८२६ मध्ये दख्खन, कोकण आणि गुजरातेत नेमले गेले. आपलीच धुळपाटी विलायतेहून परत आली, ती ‘पद्धत’ होऊन.

१८५५ मध्ये शिक्षणखातं आलं. तपासनीस आले, ठरीव अभ्यासक्रम आले आणि १८६०च्या दशकात निकालावर अनुदान आलं. पैसा निकालावर मिळू लागला की मूल कुठं आहे यापेक्षा ते कुठं असायला हवं, याचीच मोजणी होते.

पंतोजींचे गोडवे मात्र मला गाववत नाहीत. तिथली छडी आणि टांगून ठेवण्याच्या शिक्षा सर्वश्रुत आहेत. शिवाय मुली आणि ‘अस्पृश्य’ ठरवलेल्या जाती त्या ओसरीच्या बाहेरच होत्या. पेठची ही कोकणा मुलगी तिथं पोचलीच नसती. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने तिला वयानुरूप वर्गात बसण्याचा हक्क दिला आणि मागे राहिलेल्यांसाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूदही केली. ते प्रशिक्षण इथं एका माणसाच्या टाचणवहीत होतं.

दुपारी मी पाहिलं, तीच मुलगी पहिलीच्या दोघांना खड्यांचा ‘ब’ मांडून दाखवत होती, कोकणा बोलीत. तिचं नाव पुढच्या रकान्यात न्यायचं का, असं मी विचारलं. गुरुजींनी पेन्सिल कानाला अडकवली. “सोमवारी बघू. उतारा अजून अडखळत वाचते.”