पोलिसांवरील नागरी देखरेख : तंजावूर, महाराष्ट्र आणि गोवा

तंजावूर : पोलिसांच्या गैरवर्तनाविषयीच्या तक्रारींची पोलीस दलाबाहेरील व्यक्तींनी केलेली चौकशी, हा नागरी देखरेखीचा गाभा होय. भारतात हे काम मुख्यतः पोलीस तक्रार प्राधिकरणे आणि मानवी हक्क आयोग यांच्याकडे आहे. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतात. तंजावूरच्या राजवाडा परिसरातील मराठी भाषक कुटुंब आणि महाराष्ट्रातील एखादे कुटुंब यांना कायद्याने उपलब्ध केलेला तक्रारीचा मार्ग मात्र एकसारखा नाही. तक्रार ऐकणाऱ्या आसनावर कोण बसते, हा त्यांतील मुख्य फरक आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१७९९ च्या तहानंतर तंजावूर राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजीराजे दुसरे यांच्याकडे किल्ला आणि लगतचा परिसर एवढेच राहिले. उर्वरित तंजावूर जिल्हा मद्रास इलाख्यात समाविष्ट झाला. या इलाख्यात करवसुली आणि पोलीस ही दोन्ही कामे बहुतांशी एकाच यंत्रणेकडे होती. सारावसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी रयतेचा छळ होत असल्याच्या आरोपांवर १८५४ मध्ये ब्रिटिश संसदेत चर्चा झाली. त्यानंतर एलियट, स्टोक्स आणि जॉन ब्रूस नॉर्टन या तिघांचा चौकशी आयोग नेमण्यात आला.

आयोगापुढे १,९५९ तक्रारी आल्या. एप्रिल १८५५ मध्ये सादर झालेल्या अहवालाने छळ होत असल्याचे मान्य केले. छळापेक्षाही अधिक क्लेशदायक बाब म्हणजे पीडितांना दाद मिळण्यातील अडचणी, असे आयोगाने नमूद केले. तक्रार ज्या यंत्रणेविरुद्ध, तिच्याच दाराशी ती परत जात होती. पुढे १८५९ च्या मद्रास पोलीस कायद्याने महसूल आणि पोलीस यांची फारकत करण्यात आली. १८६१ च्या पोलीस कायद्यामागेही याच काळातील अनुभव होता. वेगळे पोलीस दल उभे राहिले, पण त्यावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र संस्था निर्माण झाली नाही.

दाद मागण्याच्या मर्यादेचा अनुभव राजवाड्यालाही आला. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी शिवाजीराजे दुसरे यांचे निधन झाले. पुत्र नसल्याचे कारण देत कंपनीने राज्य खालसा केले. १८ ऑक्टोबर १८५६ रोजी कमिशनर फोर्ब्स यांनी लष्कराच्या साह्याने राजवाडा व खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. मात्र १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे ‘राज्यसत्तेचे कृत्य’ असून न्यायालयांना त्यात अधिकार नाही, असा निर्णय दिला. १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता राजकुटुंबाला परत केली. पण तो सरकारच्या मर्जीचा भाग होता, न्यायालयीन हक्काचा नव्हता.

प्राधिकरणांची रचना

माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. त्यांपैकी एक निर्देश पोलीस तक्रार प्राधिकरणांविषयी आहे. राज्य पातळीवर सर्वोच्च वा उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आणि जिल्हा पातळीवर निवृत्त जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असावेत, त्यांची निवड मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेल्या नावांतून व्हावी, असे न्यायालयाने सांगितले.

सदस्य तीन ते पाच असावेत. ते निवृत्त सनदी वा पोलीस अधिकारी किंवा नागरी समाजातील व्यक्ती असू शकतात. काम पूर्णवेळ आणि वेतन योग्य असावे, प्रत्यक्ष तपासासाठी गुन्हे अन्वेषण, गुप्तवार्ता किंवा दक्षता विभागातील निवृत्त तपास अधिकाऱ्यांची मदत घ्यावी, अशी तरतूद आहे. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत आणि बलात्कार यांसह जिल्हा पातळीवर खंडणी, जमीन वा घर बळकावणे आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर या तक्रारी चौकशीस पात्र आहेत. प्राधिकरणाच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, हा या निर्देशाचा कणा आहे.

तमिळनाडूतील स्थिती

तमिळनाडूने २०१३ मध्ये पोलीस सुधारणा कायदा केला. त्यानुसार राज्य प्राधिकरणाचे अध्यक्षपद गृह सचिवांकडे असून पोलीस महासंचालक आणि कायदा व सुव्यवस्था विभागाचे अतिरिक्त महासंचालक सदस्य आहेत. जिल्ह्यात जिल्हाधिकारी अध्यक्ष, तर पोलीस अधीक्षक आणि अतिरिक्त अधीक्षक सदस्य आहेत. निवृत्त न्यायाधीश किंवा सामान्य नागरिकाला या रचनेत स्थान नाही. तिला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

याचा अर्थ, तंजावूरच्या रहिवाशाने पोलिसाविरुद्ध केलेली तक्रार त्या पोलिसाच्या जिल्हा प्रमुखापुढेच जाते. १८५५ च्या आयोगाला खटकलेली महसूल व पोलीस यांची जोडी येथे निवाड्याच्या आसनावर पुन्हा एकत्र आली आहे. दुसरा मार्ग तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या चेन्नईतील राज्य मानवी हक्क आयोगाचा. या आयोगाच्या शिफारशी शासनावर बंधनकारक आहेत, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. तिसरा मार्ग उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाचा.

बाहेरची व्यक्ती पोलीस ठाण्यात पोहोचल्याने काय फरक पडतो, हे जून २०२० मध्ये तुत्तुकुडी जिल्ह्यातील सातानकुळम प्रकरणात दिसले. कोठडीतील मारहाणीनंतर पिता-पुत्राचा मृत्यू झाला. चौकशीसाठी गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना पोलिसांनी सहकार्य केले नाही. सीसीटीव्हीचे चित्रीकरण रोज आपोआप पुसले जात असल्याचे आढळले. मदुराई खंडपीठाच्या आदेशाने ठाण्याचा ताबा महसूल कर्मचाऱ्यांकडे देण्यात आला. ठाण्यातीलच एका महिला हेड कॉन्स्टेबलने दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेला जबाब महत्त्वाचा पुरावा ठरला.

महाराष्ट्र आणि गोवा

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय प्राधिकरणांची तरतूद केली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, तर विभागीय प्राधिकरणाचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात. नागरी समाजातील मान्यवर व्यक्तीलाही सदस्यत्व आहे. मात्र प्राधिकरण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाच्या पातळीवर असल्याने तक्रारदाराला दूरचा प्रवास घडतो. शिवाय अपवादात्मक परिस्थितीत कारणे नोंदवून अहवाल नाकारण्याची मुभा शासनाला आहे. गोव्यात २००७ मध्ये राज्य प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती युरिको सांताना दा सिल्वा त्याचे अध्यक्ष होते.

सीसीटीव्ही समित्या

२ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. चित्रीकरण १८ महिने, किमान एक वर्ष, जतन करावयाचे आहे. त्यावर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा समितीत पोलीस अधीक्षक आणि महसूल अधिकाऱ्यांबरोबर महापौर किंवा जिल्हा परिषदेचे प्रमुख असावेत, असे आदेशात म्हटले आहे. तंजावूरसारख्या शहरात लोकनियुक्त प्रतिनिधीला पोलीस ठाण्यावरील देखरेखीत स्थान देणारी ही तरतूद आहे.

परदेशातील तुलना

इंग्लंड आणि वेल्समधील पोलीस वर्तनविषयक स्वतंत्र कार्यालयाच्या महासंचालकपदी पूर्वी पोलिसात काम केलेली व्यक्ती नेमता येत नाही. भारतातील निर्देशात निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना मज्जाव नाही. सेवेतील अधिकाऱ्यांनी आपल्याच दलाविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करावा, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नाही.