चेहरा चोळणाऱ्या हातांचं कूळ

जपानी पद्धतीच्या फेस मसाजची जाहिरात कुठेही वाचा, 1472 हे साल हमखास भेटतं. फुजी पर्वताच्या दक्षिणेला, सुरुगा प्रांतात, मर्दनविद्येतले दोन उस्ताद समोरासमोर आले. चुरस लागली, कोणीच हटेना. मग दोघांनी मिळून ‘कोबिदो’ हा पंथ काढला, असं त्या पंथातले लोक सांगतात. पुढे सम्राज्ञीच्या चेहऱ्याची सेवा वगैरे ओघानं येतंच. कथा रंगतदार आहे, पण घरची आहे. ज्यांच्या हातांनी ही विद्या खरोखर जगवली, त्यांचा तिच्यात पत्ता नाही. मला सांगायचंय ते त्या हातांबद्दल.

मूळ विद्येचं नाव आन्मा. ती चीनमधून आली आणि आठव्या शतकात जपानी दरबाराच्या वैद्यकात रुजली. त्याच शतकातल्या योरो कायदेसंहितेनं वैद्यक खात्यातली पदं नेमून दिली, त्यांत आन्माचा एक आचार्य, दोन आन्मावैद्य आणि दहा विद्यार्थी आहेत. त्यांचं काम उपचाराचं. रूप खुलवणं हा त्यांचा प्रांत नव्हता.

एदो काळात ही विद्या रस्त्यावर आली आणि मोठ्या प्रमाणात दृष्टिहीनांची झाली. याचं बरंचसं श्रेय सुगियामा वाइची या माणसाला. जन्म 1610 चा, सामुराई घराण्यातला. लहानपणीच दृष्टी गेली. सुईचे उपचार शिकवणाऱ्या गुरूनं ‘तुला जमणार नाही’ म्हणून वाटेला लावलं, तेव्हा तो एनोशिमा बेटावर बेन्झाइतेन देवीच्या गुहेत उपासाला बसला. बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली. आख्यायिका अशी की परतताना तो एका दगडाला अडखळून पडला आणि पुंगळी झालेल्या पानातून पाइनचं सुईसारखं पान त्याला टोचलं. त्यावरून त्याला बारीक नळीतून सुई टोचण्याची युक्ती सुचली. आख्यायिका बाजूला ठेवली तरी नळी खरी आहे. अॅक्युपंक्चर करणारे आज जगभर ती वापरतात. तो दगडही बेटावर दाखवतात.

पुढे शोगुन त्सुनायोशीचा तो वैद्य झाला आणि 1682 च्या सुमारास त्यानं दृष्टिहीनांना सुईचे उपचार आणि आन्मा शिकवणारी शाळा उभी केली. पॅरिसमध्ये व्हॅलेंतँ हाउईची अंधशाळा निघाली ती यानंतर शंभर वर्षांनी. सुगियामा हा माणूस जगाच्या इतिहासात फार मोठ्या अक्षरांत लिहिला जायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. भीक किंवा दया यांवर न जगता बोटांच्या कसबावर जगण्याची वाट त्यानं पिढ्यान्‌पिढ्यांना करून दिली. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, गल्ल्यांतून रात्री काठी टेकत, छोटी बासरी फुंकत आन्मावाला निघे; सूर ऐकला की दमलेलं गिऱ्हाईक त्याला आत बोलावी. त्या काळच्या छापचित्रांत तो जागोजागी दिसतो. पुढे सिनेमातला झातोइची हाही असाच अंध आन्मावाला.

आन्मा कोरडी असते. तेल नाही, मलम नाही. बहुतेक वेळा कपड्यावरूनच. दाबणं, मळणं, थापटणं. हात धडाकडून बोटांच्या टोकांकडे जातो. युरोपातला मसाज बरोबर उलट, टोकांकडून हृदयाकडे. हा फरक ध्यानात ठेवला की आजच्या जपानी फेस मसाजमधला प्रत्येक हात कुठून आला ते ओळखता येतं.

युरोपीय मसाज एदोनंतरच्या मेजी काळात आला. चेहऱ्यापर्यंत तो पोचला 1905 मध्ये. त्या साली एन्दो हात्सुको या बाईंनी आजच्या गिंझा भागात ‘रियोकान’ नावाचं दुकान थाटलं आणि तिथे ‘बिगानजुत्सु’, म्हणजे अमेरिकी धर्तीचं फेशियल सुरू केलं. 1918 मध्ये शिसेइदोचं कोल्ड क्रीम बाजारात आलं. कोरडा हात आता गालावरून घसरू लागला.

या सगळ्याचं सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे मेकअप आर्टिस्ट तानाका युकुको यांचा ‘झोगान’ मसाज. त्यांचं पुस्तक 2007 मध्ये डीव्हीडीसकट निघालं आणि घराघरांत गेलं. त्यातली एक हालचाल जवळून पाहण्यासारखी आहे. कपाळ असो, डोळ्यांभोवती असो वा गाल, प्रत्येक फेरीचा शेवट एकच : बोटं कानापुढे येतात, क्षणभर थांबतात, मग मानेच्या बाजूनं खाली उतरत गळ्याच्या हाडापाशी संपतात. लसिका ज्या वाटेनं हृदयाकडे वाहते, तीच ही वाट. म्हणजे हा भाग युरोपाकडचा. उलट कोबिदोत गालावर बोटांच्या टोकांनी जो झरझर ठेका धरतात, त्यात मला थेट आन्मातलं थापटणं दिसतं.

गुण म्हणाल तर रक्ताभिसरण वाढतं, डोळ्यांखालची सूज तात्पुरती उतरते, आवळलेला जबडा सैल पडतो. सुरकुत्या कायमच्या पुसल्या जातात हे मात्र मी कुणालाही सांगणार नाही. आणि तानाकाबाईंचा दाब चांगलाच जोराचा. क्रीम कमी पडलं आणि त्वचा घासली गेली की ती काळवंडू शकते; वांग असलेल्यांनी तर हा जोर टाळावाच.

दृष्टिहीन आन्मावाल्यांचं पुढे काय झालं? त्यांचा जुना संघ 1871 मध्ये सरकारनं मोडला, पण व्यवसाय टिकला. आज जपानात आन्मा किंवा शिआत्सु (बोटांनी दाब देण्याची पद्धत) करायला राष्ट्रीय परवाना लागतो, आणि डोळसांसाठी या शिक्षणाच्या नव्या संस्था काढण्यावर कायद्यानं निर्बंध घालता येतो, दृष्टिहीनांची रोजीरोटी बुडू नये म्हणून. त्याविरुद्ध खटला झाला, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्बंध घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. ब्यूटी सलूनमधल्या फेशियलला मात्र असा राष्ट्रीय परवाना लागत नाही, आणि 1472 ची कथा सांगितली जाते ती तिथेच.