फ्लॉरेन्समध्ये थांबलेला प्रवास

आज यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावाहूनही तरुण विद्याभ्यासासाठी युरोपात जातात, व त्याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु समुद्रगमनास धर्मबाह्य मानण्याच्या काळी या वाटेने गेलेल्या एका वीस वर्षांच्या मराठी तरुणाचे स्मरण आपण ठेवावयास हवे. तो तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

सन १८६६ मध्ये ते दत्तक येऊन गादीवर बसले. गादी मिळाली तरी अभ्यास सुटला नव्हता. सन १८७० च्या मे महिन्यात ते विलायतेस निघाले. तेथे त्यांनी पार्लमेंट पाहिले, राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, आणि पाहिलेले सारे इंग्रजी दैनंदिनीत टिपून ठेवले. स्वदेशी परतताना ते इटलीत आले. त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतले होते. राजधानी मात्र अद्याप फ्लॉरेन्सच होती. एक राष्ट्र डोळ्यांदेखत घडत होते. ज्या इटलीची कथा लंडनमधील दुसऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने, विनायक दामोदर सावरकर यांनी, १९०७ साली मॅझिनीच्या चरित्रातून महाराष्ट्रास सांगितली, तीच ही इटली. पण ती न्याहाळण्यास राजाराम महाराजांस अवधी मिळाला नाही. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथेच त्यांचा अंत झाला.

दहन हा त्या देशाचा रिवाज नव्हे. तरीही परवानगी मिळून, आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कासीने उद्यानाच्या टोकास, हिंदू विधीने अग्निसंस्कार झाला. मिलान येथे इटालियन लोकांचे पहिले आधुनिक दहन झाले ते त्यानंतर, १८७६ साली! संगमावर पुढे छत्री उभारून तीत फुलर या शिल्पकाराने घडविलेला महाराजांचा अर्धपुतळा बसविला. जवळच्या पुलासही लोक ‘हिंदी माणसाचा पूल’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

परदेशच्या प्रवाशांस ही छत्री केवळ नवलाची वाटते. आपण मात्र कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली प्रसिद्ध केलेली ती दैनंदिनी अगोदर हाती घ्यावी. पुतळ्यात राजा दिसतो. पाहण्याची व शिकण्याची उत्कंठा असलेला विद्यार्थी दिसतो तो त्या पानांतच. कोल्हापूरच्या महाविद्यालयास त्यांचे नाव दिले गेले, हे म्हणूनच सर्वथैव उचित झाले.