नेव्हिलचे तीन गोल

१ नोव्हेंबर १९५६ला आमचा जिल्हा वाटला गेला. हैदराबाद राज्य मोडलं. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. माझ्या आत्याचं सासर उदगीरचं. आजी म्हणायची, "पोरगी जिल्ह्यातच दिली होती की गं आम्ही. परराज्यात कधी दिली?"

बरोब्बर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकात भारताने ऑस्ट्रेलियाला फुटबॉलमध्ये ४-२ असं हरवलं. बाबा तेव्हा हैदराबादेत शिकायला होते. आमच्याकडे जेवण सूर्यास्ताआधी उरकायचं, मग दिवेलागणीनंतर बाबांच्या गोष्टी. बायका चुलीपाशी आवराआवर करत ऐकायच्या. त्यात हा सामना हमखास असायचा.

चारातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. ऑलिम्पिक फुटबॉलात हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबचा खेळाडू, पण १९३२चा जन्म गोव्यातल्या आसगावचा. आणि गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा! म्हणजे ज्या देशासाठी हा पोरगा गोल मारत होता, त्या देशात त्याचं जन्मगाव यायला अजून पाच वर्षं होती. आजीला हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग त्याचं आपल्यासारखंच की."

संघाला शिकवणारे सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, मूळ पेशाने शाळामास्तर. बलराम, लतीफ, नूर, झुल्फिकार ही पोरंही हैदराबाद-सिकंदराबादकडची. कागदावर हैदराबाद राज्य संपलं होतं, मैदानावर संपलं नव्हतं. पोलीस ॲक्शननंतर आमच्या भागात माणसं एकमेकांकडे कशी बघत होती, ते जुन्या बायांना विचारा. त्या दिवसांत बाबांसारखा जैन दुकानदाराचा मुलगा रहीमसाहेबांचं नाव अभिमानाने घ्यायचा, हे मला त्या गोलांहून मोठं वाटतं.

पुढे उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल नेव्हिलचाच, पण सामना ४-१ने गेला. बल्गेरियाने ३-०ने हरवलं नि कांस्यपदकही हुकलं. तरी तोवर आशियातला कुठलाच संघ चौघांत पोचला नव्हता, आणि चार गोलांसह नेव्हिल सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होता.

१९६०च्या रोमच्या संघात तो नव्हता. "एका सामन्याचा खेळाडू" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. चार गोल काय एका सामन्यात झाले? आणि झाले असते तरी?

१९८०च्या मार्चमध्ये तो गेला, अवघा सत्तेचाळीस वर्षांचा. ते कळलं त्या संध्याकाळी बाबांनी तिन्ही गोल पुन्हा सांगितले. आत्या उदगीरहून आलेली होती. पाटावरून उठता उठता म्हणाली, "दादा, चौथा किट्टूचा. तो दरवेळी विसरतोस."